एट हंड्रेडचं स्टेअरिंग ढिलं, पुढून खटखट. पूर्ण रॅक बदलू का?

केळघरचा_पाऊस

मंडळी, नमस्कार. साताऱ्यात गोडोलीला राहतो. घरी २००४ सालची मारुती एट हंड्रेड आहे, वडिलांनी घेतलेली. १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेत. दर शनिवारी आईला घेऊन मेढ्याच्या पुढे गावी जाणं असतं, त्यामुळे गाडी हौसेला ठेवलेली नाही, कामाची आहे.

गेल्या पावसाळ्यापासून दोन गोष्टी सुरू झाल्यात. खडबडीत रस्त्यावर २०-३० च्या वेगाला पुढून खट्-खट् येतं. मोठ्या खड्ड्यात नाही येत, बारीक खडी उखडलेल्या रस्त्यावर येतं. आणि कानाला यायच्या आधी हाताला येतं, स्टेअरिंग धरलं की तळव्यात बारीक ठोके बसतात. दुसरं म्हणजे हायवेला ७० च्या पुढे गाडी सरळ ठेवायला सारखं डावं-उजवं करावं लागतं. उभ्या गाडीत स्टेअरिंग दोन इंच हलवलं तरी चाकं जागची हलत नाहीत.

दोन ठिकाणी दाखवली. पहिल्याने बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, रॅक (स्टेअरिंगवरून चाकं वळवणारा दातेरी दांडा) गेला, त्याची पूर्ण असेंब्ली टाका. दुसऱ्याने खाली शिरून रॅकचा नट आवळला आणि पाच मिनिटांत चावी हातात दिली. दोन दिवस आवाज एकदम बंद. तिसऱ्या दिवशी यवतेश्वर घाट उतरताना वळण संपलं तरी स्टेअरिंग आपलं आपण परत आलं नाही. मी ओढून सरळ करेपर्यंत गाडी कठड्याकडे गेली होती. शेजारी आई बसलेली. ती काही बोलली नाही, फक्त डॅशबोर्डला हात लावून बसली. तेव्हापासून गाडी दारात उभी आहे.

आता पूर्ण रॅक टाकू, की आधी काही बघण्यासारखं आहे? जाणकारांनी सांगावं.

टॉमी_पाना

दादा, बाकी सगळं नंतर. तो नट आधी होता तिथे आणून ठेवा. आणि तोवर गाडी गल्लीच्या बाहेर काढू नका, अलाइनमेंटलासुद्धा नाही.

वाईची_वाट

+१. आमच्या पसरणी घाटात असं झालं असतं तर काय, हा विचारच नको. आई सुखरूप आहेत ना?

केळघरचा_पाऊस

हो, सुखरूप. पण पुढच्या शनिवारी 'एसटीनं जाऊ' म्हणाली. तेच मनाला लागलं.

जुना_गिअर

धागा वाचला. वर्कशॉपात २७ वर्षं काढली, आता कोरेगावला घरी असतो. जरा सविस्तर लिहितो, कारण नट आवळण्याचं हे खूळ फार जुनं आहे आणि ते कुठून आलं ते कळल्याशिवाय जाणार नाही.

पूर्वी पद्मिनी आणि जीप होत्या. त्यांना रॅक नव्हता, स्टेअरिंग बॉक्स होता. बॉक्सच्या डोक्यावर एक स्क्रू असायचा. प्ले, म्हणजे स्टेअरिंगचा मोकळा ढिलेपणा, वाढला की लॉकनट सोडायचा, स्क्रू पाव फेरा आवळायचा, नट लावायचा. अर्धा प्ले तिथंच निघायचा. आमच्या पिढीचा हात त्यावर बसला, आणि आमच्याकडून शिकलेल्या पोरांनी तीच सवय रॅकला लावली.

रॅक कसा असतो बघा. एक दातेरी दांडा आडवा. स्टेअरिंगच्या खालच्या टोकाला छोटं दातेरी चाक, त्याला पिनियन म्हणतात, ते या दांड्याला डावीकडे-उजवीकडे सरकवतं. दांडा पिनियनला चिकटून राहावा म्हणून त्याच्या पाठीमागून एक ठोकळा दाबलेला असतो, ठोकळ्यामागे स्प्रिंग आणि स्प्रिंगमागे तो नट. नट आवळला की स्प्रिंग दबते, ठोकळा दांड्याला घट्ट बसतो आणि आवाज मरतो. मग आवाज रॅकच्या कुठल्याही भागातून येत असो. म्हणून दोन दिवस सगळ्यांना बरं वाटतं.

पण दांडा सगळीकडे सारखा झिजत नाही. आपण नव्वद टक्के वेळ गाडी सरळ चालवतो, त्यामुळे मधले दात झिजतात, टोकाचे नव्यासारखे राहतात. मध्ये ठेवून आवळलं की मध्ये छान वाटतं, आणि वळणात टोकाचे जाड दात आले की दांडा अडकतो. तुमचं यवतेश्वरला हेच झालं असणार. चाकं स्वतःहून सरळ यायला बघतात, ती त्यांची घडणच असते, पण दांडा धरून ठेवला तर येणार कशी?

आता घरी करायची एक तपासणी सांगतो. स्टेअरिंग सरळ ठेवून प्ले बघा. मग पूर्ण डावीकडे नेऊन थोडं मागे घेऊन बघा, तसंच उजवीकडे. मध्ये प्ले जास्त आणि टोकाला जवळजवळ नाहीच, असं असेल तर दात गेले. मग असेंब्लीच, दुसरा उपाय नाही. तिन्ही ठिकाणी सारखाच प्ले असेल तर रॅकचे दात ठीक आहेत, रोग दुसरीकडे आहे. हे बघायच्या आधी तो नट मूळ जागी आणायला विसरू नका, नाहीतर काहीच कळणार नाही.

कृष्णा_संगम

वा काका! वाखुसा (वाचनखूण साठवली).

निळी_झेन

मी कराडची. माझ्याकडे जुनी झेन आहे आणि खालचं काम मी स्वतः करते, म्हणून आवाजांबद्दल थोडं लिहिते. 'पुढून आवाज येतो' एवढंच सांगितलं की गॅरेजवाला त्याला सोपं वाटेल ते बदलतो. आवाज कधी येतो आणि कसा येतो, हे नीट सांगायला हवं.

स्टेअरिंग पूर्ण तोडून, म्हणजे टोकापर्यंत वळवून, ॲक्सिलरेटर दिल्यावर कट-कट-कट आलं तर तो ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट, रॅकचा काही संबंध नाही. जागेवर उभं राहून स्टेअरिंग फिरवताना स्प्रिंग दबून सुटल्यासारखं 'टंग' झालं तर शॉकअपच्या वरचं माउंटिंग. स्पीडब्रेकरवर एकच जाड 'धप्प' म्हणजे बहुतेक लोअर आर्मचे किंवा स्टॅबिलायझर बारचे बुश (सांध्यात बसणाऱ्या कड्या). ८० ला स्टेअरिंग थरथरतं आणि ९० ला थांबतं, तर आधी व्हील बॅलन्सिंग करून बघा.

बारीक खडबडीत रस्त्यावर टक्-टक्-टक् आणि तेही हाताला जाणवणारं, हे मात्र स्टेअरिंगच्याच साखळीतलं. रॅक, रॅक एंड (रॅकच्या टोकाचा सांधा), टाय रॉड एंड (त्याच्या बाहेरचा, चाकाजवळचा सांधा) किंवा पायाशी असलेला कॉलमचा, म्हणजे स्टेअरिंगच्या दांडीचा, जॉइंट. तुमचं वर्णन या शेवटच्या गटात बसतं. दादा, तुम्ही ते इतकं नीट लिहिलंय की निम्मं काम झालंय.

तपासताना गाडी जॅकवर घेऊ नका. चाकं जमिनीवर, इंजिन बंद. एकाला आत बसवून स्टेअरिंग घड्याळाच्या अकरा ते एक एवढंच, पण भराभर डावं-उजवं करायला सांगा. तुम्ही खाली एकेका जॉइंटवर हात ठेवा. डोळ्याला दिसणार नाही, बोटाला कळतं. सैल सांध्यात दोन्ही बाजूंच्या लोखंडात बोटाला खट् लागतं, चांगल्या सांध्यात दोन्ही एकदम सरकतात. रॅक एंडचा सांधा बेलोच्या, म्हणजे घड्यांच्या रबरी आवरणाच्या, आत असतो, तो रबरावरूनच दाबून धरायचा.

माण_देश

आमच्याकडं दहिवडीला एकजण कान लावायला लांब स्क्रू ड्रायव्हर वापरतो. टोक रॅकच्या हाउसिंगवर (बाहेरच्या कवचावर), मूठ कानाला. डॉक्टरच्या नळीसारखं.

निळी_झेन

हो, चालतं ते. फक्त इंजिन बंद असताना, आणि डोकं चाकाच्या मागे नको.

हायवे_४८

सगळ्यांचं वाचलं. माझं मत वेगळं आहे. स्टेअरिंग आणि ब्रेक या दोन ठिकाणी बुश बदल, नट आवळ, हे करूच नये. गाडी वीस वर्षांची आहे. नवीन असेंब्ली टाका, दोन्ही टाय रॉड एंड टाका, अलाइनमेंट करा आणि विषय संपवा. मी पुण्याला रोज जातो. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर ते एस वळण लागतं ना, तिथं किती गाड्या उलटलेल्या पाहिल्यात मोजायला नको. तिथं स्टेअरिंगचा भरवसा नसेल तर कशाला काही अर्थ नाही.

टॉमी_पाना

हायवे, काळजी शंभर टक्के पटली, उपाय नाही. समजा सैलपणा कॉलमच्या जॉइंटमध्ये आहे. नवीन रॅक टाकला, पैसे गेले, प्ले तसाच. मग? मी एका ओम्नीला असंच बघितलंय. असेंब्ली नवीकोरी आणि पायाशी क्लॅम्पचा बोल्ट अर्धा फेरा सैल. माणूस सहा महिने तशीच चालवत होता, नवीन रॅक आहे म्हणून निर्धास्त.

हायवे_४८

बोल्ट सैल सोडला ही बसवणाऱ्याची चूक झाली. पण ठीक आहे, आधी तपासा, हे मान्य. तपासून रॅकमध्येच काही निघालं तर मात्र पूर्ण बदला, यावर मी ठाम आहे.

उरमोडी_काठ

विषयांतर होतंय, माफ करा. पण यवतेश्वर घाटाबद्दल बोलायचं तर कासची फुलं सुरू झाली की सप्टेंबरात शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर जाऊच नये. बाहेरच्या गाड्या पहिल्या गिअरमध्ये क्लच जाळत चढतात आणि उतरताना न्यूट्रल करून सुटतात. न्यूट्रलवाल्यांचं डोकं ठिकाणावर असतं का? इंजिनाचा धाकच राहत नाही गाडीला.

वाईची_वाट

अगदी. ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरायचं, हे आम्हाला पसरणीत पहिल्याच दिवशी शिकवलं.

माण_देश

कासबद्दल वेगळा धागा काढा की राव. इथं रॅक चाललाय.

केळघरचा_पाऊस

मंडळी, आज रविवार होता, सकाळपासून हेच केलं. जे दिसलं ते जसंच्या तसं सांगतो.

आधी नट. जुन्या रंगाच्या खुणेवरून तो किती आवळला ते दिसत होतं, जवळजवळ अर्धा फेरा. लॉकनट सोडून परत खुणेवर आणला. स्टेअरिंग लगेच हलकं झालं आणि खटखट परत आली. या वेळी ती परत आल्याचं बरंच वाटलं.

मग जुना_गिअर काकांची तपासणी. मध्ये आणि दोन्ही टोकांना प्ले सारखाच! म्हणजे दात शाबूत. मी तिथंच उठून बायकोला ओरडून सांगितलं.

मग निळी_झेन ताईंची. मुलीला आत बसवलं, आठवीत आहे. 'अकरा ते एक' तिला एका वाक्यात समजलं. मी खाली. बाहेरचे दोन्ही टाय रॉड एंड चांगले. कॉलमचा जॉइंट चांगला, बोल्टही पक्का. उजव्या बाजूच्या रॅक एंडवर बेलो दाबून धरला तर बोटाला खट्. अगदी स्पष्ट.

डाव्या बाजूला रॅक एंड ठीक वाटला. पण बेलोला खालच्या बाजूने घडीत चीर होती, वरून दिसतच नव्हती. क्लॅम्प सोडून बेलो मागे सारला तर आतून चमचाभर पाणी माझ्या मनगटावर सांडलं. रंग चहासारखा, आणि त्यात भाताच्या खाचरातली असते तसली बारीक माती. ग्रीसचा पत्ता नाही. रॅकचा दांडा त्या टोकाला धरून वर-खाली हलवला तर हलला! हाउसिंगमध्ये टक्-टक् वाजला. तोच आवाज. वर्षभर मी जो उजवीकडे, माझ्या पायाशी शोधत होतो तो.

दांडा आत-बाहेर करून पुसून बघितला. दातांच्या बाजूला गंज नाही. डाव्या टोकाला थोडा तपकिरी डाग आहे, नखाला लागत नाही.

आता सांगा, काय करू?

जुना_गिअर

शाब्बास. आणि पोरीला माझ्याकडून शाबासकी सांगा.

सापडलं तुमचं. आपल्या गाड्यांत ड्रायव्हर उजवीकडे, म्हणून पिनियनही उजवीकडे. त्या बाजूला दांड्याला पिनियन आणि ठोकळा मिळून धरतात. डाव्या टोकाला मात्र धरायला एकच गोष्ट असते, हाउसिंगमध्ये बसवलेला बुश. बेलो फाटला, चिखलपाणी आत गेलं, ग्रीस धुतलं गेलं आणि मातीनं पॉलिश पेपरसारखा तो बुश खाल्ला. मग दांडा वर-खाली नाचतो आणि खटखट होते. जावळीच्या पावसात चार महिने फाटक्या बेलोनं गाडी चालल्यावर दुसरं काय होणार? यात गाडीचाही दोष नाही.

म्हणजे तुमचे रोग दोन. डाव्या बुशचा आवाज आणि उजव्या रॅक एंडचा ढिलेपणा. दोन्ही एकदम झाले म्हणून एकच वाटले. आणि नट या दोन्हींपैकी कशाचंच औषध नव्हता. झिजलेल्या दातांचा माझा अंदाज चुकला, घाटात दांडा अडकला तो नट जास्त आवळल्यामुळेच.

दांड्याला नखाला लागेल असा खड्डा नाही म्हणता, तर बुश बदलून चालेल.

हायवे_४८

मी ठाम होतो, रॅकमध्ये निघालं तर पूर्ण बदला म्हटलं होतं. पण दात चांगले, दांडा चांगला, फक्त प्लॅस्टिकचा बुश गेलाय, तर काकांच्या म्हणण्याला माझा विरोध नाही. एकच अट, काम झाल्यावर घाटात नेण्याआधी मोकळ्या मैदानात दोन्ही बाजूला पूर्ण तोडून, हात सैल सोडून बघा. स्टेअरिंग आपलं आपण मागे आलं पाहिजे.

कृष्णा_संगम

बुश नाही मिळाला तर कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात टर्नरकडून नायलॉनचा करून घेता येईल. मापात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. आमच्या सांगलीतूनही लोक तिथंच जातात.

निळी_झेन

एट हंड्रेडचा बुश तयार मिळतो, टर्नरकडे जायची गरज पडू नये. करून घेतला तर एक धोका असतो. नायलॉन गरमीनं फुगतो, माप अगदी घट्ट धरलं तर उन्हाळ्यात रॅक जड होतो आणि पुन्हा तीच यवतेश्वरची गोष्ट. तयारच घ्या.

आणि दादा, रॅक एंड काढताना टाय रॉड एंडचा लॉकनट कुठे होता तिथे आधी खूण करा आणि किती फेऱ्यांत निघाला ते मोजून कागदावर लिहा. तेवढ्याच फेऱ्यांनी बसवला की गाडी निदान अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सरळ जाते. दोन्ही बेलो नवीन टाका, उजवा चांगला दिसला तरी. स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घालतात त्या) जुन्या परत वाकवून घालू नका. आणि रॅक एंडच्या मानेवरचं लॉक वॉशर दोन्ही बाजूंनी नीट दुमडलंय ना, ते मिस्त्रीच्या हातात असतानाच बघा. बेलो चढल्यावर ते कुणालाच दिसत नाही.

टॉमी_पाना

शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. वॉशर दुमडलं नाही तर रॅक एंड आतल्या आत सुटत जातो. बाहेरून काही कळत नाही.

माण_देश

साताऱ्यात काम झालं की कंदी पेढे धाग्यावर वाटायचे बरं का.

केळघरचा_पाऊस

उशिरा लिहितोय, दोन आठवडे झाले.

काम तिसऱ्याच एका मिस्त्रीकडे केलं, एमआयडीसीच्या बाजूला. त्याला सगळं आधीच सांगितलं तर तो म्हणाला, 'तुम्ही शोधूनच आणलंय, मला फक्त पाने चालवायचेत.' पण त्याने स्वतः पुन्हा सगळं तपासलं, ते आवडलं. रॅक खाली काढला, डावा बुश नवीन, दोन्ही रॅक एंड नवीन (डावा बरा होता, पण रॅक खाली असताना टाकून घेतला), दोन्ही बेलो, दोन्ही बाजूंच्या पिना. रॅकच्या हाउसिंगचे क्लॅम्पमधले रबर फुगले होते, तेही बदलले. मजुरी आणि अलाइनमेंट धरून पाच हजारांच्या आत. नट त्याने शेवटी लावला, पुस्तकात दिल्याप्रमाणे आवळून मागे सोडला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार वेळा फिरवून बघितलं. दुमडलेल्या वॉशरचा फोटो काढून ठेवलाय.

जुना बुश मागून घेतला. गोल असायला हवा होता, तो खालच्या बाजूला इतका झिजला होता की बोट फिरवलं की कडेला धार लागत होती.

हायवेदादांनी सांगितल्याप्रमाणे आधी मैदानात नेली. डावीकडे पूर्ण तोडली, हात सोडले. स्टेअरिंग सरसर मागे आलं. उजवीकडेही तसंच. मी ते सात-आठ वेळा केलं. प्ले आता बोटभरसुद्धा नाही.

काल शनिवार होता. आई पुढे बसली. मेढ्याच्या अलीकडे तो उखडलेला तुकडा आहे तिथं मी वेग कमी करून कान लावला. काही नाही, फक्त टायरचा आवाज. येताना आईनं डॅशबोर्डवर हात ठेवला नव्हता, मांडीवर भाजीची पिशवी धरून झोपली होती.

काका, ताई, टॉमी, हायवे, सगळ्यांचे मनापासून आभार. कोरेगाव आणि कराडला पेढे घेऊन येतोय, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

जुना_गिअर

पेढे चालतील. येताना बेलो मात्र एकदा खाली वाकून बघून या, नवीन क्लॅम्प पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरला सरकतात कधी कधी.

उरमोडी_काठ

माझ्या गाडीलाही हाच आवाज आहे. उद्या मुलाला आत बसवतो, अकरा ते एक.